डोंगर-पक्ष्यांकडून माणसांच्या चेहऱ्यांकडे : पोर्ट्रेट आणि मॉडेल फोटोग्राफी कशी सुरू करावी?

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन बाहेर पडतो. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, हिवाळ्यात भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो), सप्टेंबरात कास. नोकरी चिंचवडला. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा), लेन्स दोन : १८-५५ एमएम, रुंद दृश्याची, आणि ७०-३०० एमएम, लांबचं जवळ आणणारी. माणसांचे फोटो फारसे काढलेच नाहीत. काढले तेही पक्ष्यांसारखे, लांबून आणि नकळत.

राजगडाच्या पायथ्याला एका मावशींकडे आम्ही दर फेरीला पिठलं-भाकरी खातो. गेल्या दिवाळीत त्यांचा चुलीपुढचा फोटो मी अंगणातूनच ७०-३०० ने काढला. धूर, कौलातून आलेला कवडसा, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, सगळं जमून आलं होतं. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर खूप कौतुक झालं. बारा बाय अठराची प्रिंट काढून मावशींना नेऊन दिली. त्यांनी हात पदराला पुसले, प्रिंट उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "आदी सांगायचं न्हाय का रं? चांगलं लुगडं नेसले असते."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ती प्रिंट कणगीमागे गुंडाळून ठेवलेली दिसली. भिंतीवर नव्हती.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की माणसांचे फोटो नीट शिकायचे. पुढे जमलं तर मॉडेल शूटही करायचे आहेत. कुठून सुरुवात करू? कोणती लेन्स घेऊ? मॉडेल कुठे मिळतात? आणि खरी अडचण म्हणजे अनोळखी माणसाला समोर बसवून काय बोलायचं तेच मला सुचत नाही.

कडकचहा
लुगड्याचं वाक्य वाचून थांबलोच. धाग्याचं उत्तर त्यातच आहे असं वाटतंय. बाकी लेन्सबद्दल जाणकार सांगतीलच. वाचनखूण साठवली आहे.

पन्नास_एमएम
माझ्या आयडीवरून उत्तर ओळखलं असेल :) ५० एमएम एफ/१.८ घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि फोकसमधला भाग कमी). क्रॉप सेन्सरवर ती ७५-८० एमएमसारखी दिसते, चेहऱ्यांना अगदी योग्य. वापरलेलीही चालेल. मुंबईत येणं होत असेल तर फोर्टात बोराबाजारात चक्कर मारा, तिथे हाताळून घेता येते. ८५ एमएमचा मोह आत्ता टाळा. आपल्या घरांच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत क्रॉपवर ८५ लावली की पाठ भिंतीला लागते.

आणि १८ एमएमवर चेहरा काढू नका, वाइड लेन्स नाक मोठं करते.

एफ/१.८ आहे म्हणून कायम तिथेच राहू नका. जवळून काढलेल्या चेहऱ्यात एक डोळा धारदार आणि दुसरा विरघळलेला येतो. एफ/२.८ ते ४ ठेवा, फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर.

फिरस्ता
पन्नासराव, एक दुरुस्ती. नाक लेन्समुळे मोठं होत नाही, अंतरामुळे होतं. १८ एमएमवर चेहऱ्याने फ्रेम भरायला तुम्ही जेमतेम फूटभर अंतरावर जाता. तिथून नाक कानांपेक्षा प्रमाणात खूपच जवळ असतं, म्हणून ते फुगतं. करून बघा : एकाच माणसाला सहा फुटांवर बसवा, एक फोटो १८ वर, एक ५५ वर. १८ चा फोटो नंतर कापून चेहरा तेवढाच मोठा करा. नाक दोन्हीत सारखंच दिसेल. हे एकदा कळलं की "कोणती लेन्स" या प्रश्नाआधी "मी किती लांब उभा राहू" हा प्रश्न येतो. पाच-सहा फूट हे अंतर बोलायलाही बरं असतं, ओरडावं लागत नाही आणि समोरच्याच्या अंगावरही जात नाही.

पन्नास_एमएम
मान्य. इतकी वर्षं चुकीचं सांगत होतो, आज मुलाला समोर बसवून तपासलं.

अनुजा_नाशिक
डोंगरवाट, मीही फुलं आणि द्राक्षमळे यांच्यापासून इकडे आले. पहिले चार महिने एक पैसा खर्च केला नाही. घरातली एक खिडकी निवडली, उत्तरेची, जिच्यातून थेट ऊन येत नाही. खिडकीच्या बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा. गणपतीच्या मखरातून उरलेला होता. पत्रा जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. एवढ्यावर चार महिने पुरले.

पहिलं गिऱ्हाईक सासूबाई. नुसतं "इथे बसा" म्हटलं की त्या पासपोर्टच्या फोटोसारख्या ताठ व्हायच्या. एक दिवस ताटात तूरडाळ घेऊन खिडकीशी बसवलं. त्या निवडत होत्या, मी त्यांच्या माहेरच्या सिन्नरच्या वाड्याबद्दल विचारत होते. खडा सापडला की त्या तो चिमटीत धरून उजेडात बघायच्या आणि मान किंचित वर व्हायची. तेव्हा खिडकीचा चौकोन दोन्ही डोळ्यांत लख्ख दिसायचा. तो चौकोन डोळ्यात आला नाही तर चेहरा कितीही चांगला असला तरी निर्जीव वाटतो. हात रिकामे ठेवू नका, हातांना काम द्या, एवढं मला त्या ताटाने शिकवलं.

दोन गोष्टी आणखी. झाडाखाली फोटो काढाल तेव्हा पानांतून गाळून आलेला उजेड आणि हिरवळीवरून उसळलेला उजेड चेहऱ्याला हिरवट करतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. सावलीच्या कडेला या, जिथून मोकळं आकाश दिसतं. आणि आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ रंगाला "उजळ" करायच्या फंदात कृपया पडू नका. माझ्या एका मैत्रिणीने तिचा फोटो बघून विचारलं होतं, "ही मी आहे का?" एडिट करताना मी रंगाची पट्टी दोन घरं वर नेली होती. त्या दिवसापासून ती पट्टी मी हलवत नाही.

कडकचहा
खिचडीत खडा मात्र एकही लागला नसणार त्या महिन्यांत!

अनुजा_नाशिक
नाही लागला. सासूबाई अजून विचारतात, परत कधी बसू म्हणून.

ऋजुता_म
पहिल्यांदाच लिहितेय. मी फोटोग्राफर नाही, कॅमेऱ्यासमोर असते. पुण्यात सहा वर्षं साड्यांचे कॅटलॉग, दागिन्यांचे शूट आणि नवीन लोकांबरोबर टीएफपी करते. टीएफपी म्हणजे दोघांपैकी कुणी पैसे घ्यायचे नाहीत, मॉडेलला फोटो मिळतात आणि फोटोग्राफरला सराव. डोंगरवाट यांनी विचारलंय मॉडेल कुठे मिळतात. आम्ही इन्स्टाग्रामवरच असतो, पण निरोप कसा पाठवता यावर सगळं अवलंबून असतं. "हाय, शूट करायचं का?" याला मी उत्तर देत नाही. चांगला निरोप असा असतो : मी अमुक, हे माझं काम, अशा कपड्यांत अशा प्रकारचे दहा-बारा फोटो हवेत, जागा ही, वेळ सकाळी साडेसात ते दहा, सोबत कुणाला आणायचं तर जरूर आणा, एडिट केलेले फोटो तीन आठवड्यांत देईन, आणि तुम्हाला नको असलेला फोटो मी कुठेही टाकणार नाही. हे शेवटचं वाक्य लिहिणारे मला सहा वर्षांत मोजकेच भेटले. त्यांच्याबरोबर मी आजही काम करते.

एक अनुभव सांगते, कारण तुम्ही "काय बोलायचं सुचत नाही" असं लिहिलंय. सुरुवातीला एका शूटला फोटोग्राफर दर चार फोटोंनंतर कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघायचे आणि "च्च" करायचे. एक शब्द नाही. अर्ध्या तासात माझी मान, खांदे, सगळं आखडलं. मला वाटलं माझं नाक, माझे दात, माझंच काहीतरी चुकतंय. शेवटी विचारलं तर म्हणाले, "नाही हो, मागची भिंत ओव्हर होतेय, फारच पांढरी येतेय." भिंत! तेव्हा स्क्रीन बघून जो आवाज काढाल तो समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतो, हे लक्षात ठेवा. मोठं काही बोलायची गरज नसते. "उजेड तपासतोय, तुम्ही आरामात बसा" एवढंही पुरतं.

"नॅचरल पोज द्या" म्हणजे काय हे आम्हालाही कळत नाही. "वजन मागच्या पायावर घ्या", "हनुवटी जरा पुढे आणि खाली", "श्वास सोडा", असं सांगितलं की कळतं. आणि पदर, केस, बांगडी, काहीही सरकलं तर तोंडाने सांगा. हात लावायचा नाही. विचारूनसुद्धा शक्यतो नको, आरसा पुढे करा.

मी_शिकतोय
ऋजुताताई, छान लिहिलंय. पण माझ्यासारख्या नवख्याला कोण टीएफपीला हो म्हणणार? मी ग्रुप शूटला जातो. पंधराशे रुपये भरले की लाइट लावलेले, मॉडेल तयार, मेकअप झालेला. दोन तासांत तीनशे फोटो. पोर्टफोलिओ होतो. डोंगरवाट यांनी तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

फिरस्ता
असहमत. पंधरा जण एकाच मॉडेलभोवती, सगळ्यांना "मॅडम इकडे, मॅडम इकडे" करून दोन सेकंद नजर मिळते. लाइट दुसऱ्याने लावलेले, मेकअप दुसऱ्याने ठरवलेला, भाव मॉडेलने स्वतः आणलेला. त्यात तुमचं काय? पंधरा जणांच्या पेजवर दुसऱ्या दिवशी तोच फोटो दिसतो.

ऋजुता_म
मी ग्रुप शूट केले आहेत, दोघांचंही थोडं बरोबर आहे. फ्लॅशची सेटिंग शिकायला, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारं यंत्र) कसा लावतात बघायला ते बरं. पण त्या दोन तासांत मी कुणाकडेच बघत नसते, खरं तर मी मनात सेकंद मोजत असते. तुम्हाला मिळतो तो माझा सवयीचा चेहरा. @मी_शिकतोय, बहिणीला, मित्राला, सोसायटीच्या वॉचमनकाकांना विचारून त्यांचे दहा फोटो काढा आणि तेच मला पाठवा. असे दहा फोटो बघून मी नवख्यांना हो म्हटलंय. तीनशे ग्रुप शूटचे फोटो बघून कधीच नाही.

मी_शिकतोय
वॉचमनकाकांना उद्याच विचारतो.

वकिली_बाणा
हक्कांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. सर्वसाधारणपणे पहिला मालकही तोच. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे आणि तो फार जणांना माहीत नसतो : कुणी मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे टीएफपीचे फोटो तुमचे, पण पैसे घेऊन केलेल्या पोर्टफोलिओ शूटचे फोटो कागदावर वेगळं लिहिलं नसेल तर गिऱ्हाइकाचे. ते तुमच्या पेजवर टाकायचे असतील तर आधी लिहून घ्या.

मालकी तुमची असली तरी समोरच्याच्या चेहऱ्याची जाहिरात करायची मुभा त्यात आपोआप येत नाही. त्यासाठी मॉडेल रिलीज, एका पानाचं साधं मराठीतलं पत्र चालतं : फोटो कुठे वापरणार, कुठे नाही, किती काळ, सही, तारीख. अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी पालकांची सही, आणि शूटच्या वेळी पालक हजर.

आबा_रंकाळा
सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांचा कोल्हापुरात स्टुडिओ होता. मी शाळेतून आलो की तिथंच. आता बंद आहे, कॅमेरा आणि रंगवलेला पडदा मात्र जपून ठेवलाय. तुम्ही सगळे आज जे बोलताय ते वाचून वडिलांची आठवण झाली, म्हणून लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

स्टुडिओत येणारं माणूस अंघोळ करून, नवं कापड घालून, कधी चार कोस चालत यायचं. आत आरसा, कंगवा, पावडरीचा डबा, एक कोट आणि दोन टाय खुंटीला. ज्याला हवा त्यानं घालावा. वडील पहिली दहा मिनिटं कॅमेऱ्याला हातच लावायचे नाहीत. गाव कुठलं, ऊस गेला का, पोरीचं कुठं जमलं, असं सगळं विचारायचे आणि बोलता बोलता माणसाची कुठली बाजू चांगली ते बघून ठेवायचे. मग काळ्या कापडात डोकं घालायचे. फिल्म महाग. एका माणसाचे दोन फोटो, चुकला तर तिसरा.

सगळ्यांत नाजूक काम स्थळासाठीच्या फोटोचं. मुलगी घाबरलेली, सोबत आई, कधी मामा. "जरा हसती काढा" असं मामा म्हणायचे. वडील मामांना चहा प्यायला बाहेर पाठवायचे. आई राहायची. मग मुलीला विचारायचे, "तुला कसा पाहिजे?" बहुतेकींना तोवर कुणी तसं विचारलेलंच नसायचं. फोटो धुऊन झाल्यावर रात्री रिटचिंग. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके देऊन मुरमाचे डाग आणि डोळ्यांखालची काळी झाक घालवायची. पण तीळ आणि व्रण वडील कधी घालवत नसत. म्हणायचे, डाग आठ दिवसांत जातो म्हणून आपण काढायचा, तीळ तिचा आहे. अनुजाताई, तुमच्या रंगाच्या पट्टीचं वाचलं आणि हे आठवलं.

आणखी एक रीत होती. नवरा-बायकोचे वेगवेगळे फोटो काढायचे असले तर दोघांची तोंडं किंचित एकमेकांकडे वळतील असं बसवायचं आणि उजेड एकाच बाजूनं द्यायचा. भिंतीवर शेजारी टांगले की दोघं एकाच खोलीत बसल्यासारखी दिसतात.

गिरगावकर
आबा, दंडवत घ्या.

थोडं अवांतर. हौशी लोकांनी चेहऱ्यांकडे वळायची आपल्याकडची परंपरा फार जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये सुरू झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले हौशी फोटोग्राफर, पेशाने डॉक्टर. आणि होमाई व्यारावाला आपल्याला आठवतात त्या दिल्लीच्या वृत्तछायाचित्रांसाठी, पण त्यांची जे. जे. कला शाळेच्या दिवसांतली छायाचित्रं बघा. वर्गमैत्रीण रेहाना मोगल हिचे त्यांनी काढलेले फोटो आजच्या कुठल्याही पोर्ट्रेटसमोर उभे राहतील. ना स्टुडिओ, ना मेकअप, समोर मैत्रीण. प्रसिद्ध पोर्ट्रेट फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षही जाहिरात संस्थेत नोकरी करता करताच चेहऱ्यांकडे वळले. म्हणून डोंगरवाट, नोकरी सांभाळून हे जमेल का अशी शंका असेल तर ती सोडा.

पन्नास_एमएम
फ्लॅशकडे वळणाऱ्यांसाठी एक माझी फजिती. मित्राच्या बायकोच्या ओटभरणीआधीचं शूट, पाषाण तलावाजवळ, मावळतीचं ऊन. आकाश गडद यावं म्हणून शटर १/५०० केला आणि साध्या ट्रिगरवर फ्लॅश मारत राहिलो. घरी बघतो तर निम्म्या फोटोंत खालचा भाग काळा पट्टा. कॅमेऱ्याचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सर्वांत वेगवान शटर, १/२०० होता. त्याहून वेगात शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, फ्लॅशचा उजेड फक्त उघड्या फटीतून जातो. हायस्पीड सिंक असलेला फ्लॅश आणि ट्रिगर हवा, नाहीतर १/२०० वर राहून एनडी फिल्टर (लेन्सवर येणारा उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. ती वेळ परत येत नाही, बाळ आता शाळेत जातं. म्हणून नवीन उपकरण आधी घरच्या उशीवर तपासा.

ऋजुता_म
@आबा, "तुला कसा पाहिजे" हे वाचून डोळे भरून आले. उद्या शूट आहे, तिथल्या मुलाला हे वाचायला देणार आहे.

डोंगरवाट
मंडळी, सात आठवड्यांनी परत आलोय. ५० एमएम घेतली, वापरलेली. बायको, मुलगी आणि ऑफिसातले तिघं यांना खिडकीशी बसवून सराव केला. मुलीच्या हातात चिंचोके दिले होते, हातांना काम म्हणून. अनुजाताई, उपाय लागू पडला. पण मुख्य सांगायचंय ते मावशींचं.

गेल्या रविवारी गड चढायचा नाही असं ठरवून फक्त त्यांच्याकडे गेलो. आठ दिवस आधी त्यांच्या मुलाच्या फोनवर कळवलं होतं. पोचलो तर मावशी तयार. हिरवं नऊवारी, नाकात नथ, केसांना तेल. आबांचा प्रश्न विचारला, "मावशी, तुम्हाला कसा पाहिजे?" त्यांनी बोट वर केलं. भिंतीवर त्यांच्या मालकांचा फोटो, जुना, स्टुडिओतला, पोस्टकार्डाएवढा. डोक्याला फेटा, हात गुडघ्यांवर, हसू नाही. "त्येच्या शेजारी लावायचाय. मंग तसाच नको का?"

मी इतक्या वेळा त्या घरात जेवलो, पण तो फोटो कधी नीट बघितला नव्हता. खाली उतरवून दारात आणून बघितला. मालकांचा चेहरा किंचित उजवीकडे वळलेला, उजेड डावीकडून. मग मावशींना अशा बसवल्या की दार फोटोत डावीकडे येईल आणि त्यांचा चेहरा दाराकडे वळेल. उजवीकडून त्यांच्या नातवाने थर्माकोल धरला. चूल नाही, धूर नाही, कवडसा नाही. मागे फक्त सारवलेली भिंत. मी गप्पा मारून त्यांना हसवायच्या तयारीत होतो, पण त्यांना हसायचं नव्हतं. हात गुडघ्यांवर ठेवून त्या स्वतःच म्हणाल्या, "आता काढ."

नऊ फोटो काढले, प्रत्येक दाखवला. आठ त्यांनी नको म्हटले : एकात डोळे मिचकावले, एकात नथ तिरकी, एकात "लई म्हातारी दिस्ती". नववा त्यांनी ठेवला. बाकीचे मी तिथेच, त्यांच्यासमोर पुसले.

अनुजा_नाशिक
आठांमधला एखादा तुम्हाला आवडला होता का?

डोंगरवाट
हो. "लई म्हातारी" म्हणाल्या तो. त्यात त्या मालकांच्या फोटोकडे बघत होत्या.

फिरस्ता
आणि तरी पुसलात. ऋजुताताई, याला टीएफपीला हो म्हणा.

ऋजुता_म
विचारपुशीत निरोप टाकला आहे :)

आबा_रंकाळा
फार आनंद झाला. प्रिंट केवढी काढली? परत बारा बाय अठरा काढू नका बरं, शेजारी मालक लहान दिसतील.

डोंगरवाट
नाही आबा, चार बाय सहा, मॅट. फ्रेम मावशींनी स्वतः वेल्ह्याच्या बाजारातून आणवून घेतली, मालकांच्या फ्रेमसारखी काळी. खिळा मी ठोकला. मालकांची फ्रेम थोडी तिरकी होती तीही मावशींनी सरळ करून घेतली.